पालिकेच्या वकिलाची छत्री

सर कुठल्याही खोलीत शिरले की आधी वर बघत. इतर माणसं खुर्ची शोधतात, ओळखीचा चेहरा शोधतात; सर छत बघत. पंखा कुठं आहे, त्याचा हूक गंजलाय का, ओल कुठं धरलीय, पोपडे कुठं सुटलेत, हे सगळं एका नजरेत उरकून मग ते अशी जागा धरत की वरून काही पडलंच तर दुसऱ्याच्या डोक्यात पडावं. निदान मला सुरुवातीला तसंच वाटलं. नंतर लक्षात आलं की ते दुसऱ्यालाही तिथून उठवत. ‘पाहुणे, इकडं सरका, तिकडं पंखा हाय,’ असं म्हणत त्यांनी लग्नात बसलेल्या पंगती हलवल्या आहेत आणि यजमानांच्या शिव्या खाल्ल्या आहेत.

कोर्टातही तेच. आमच्या कोर्टातला पंखा बरोबर वकिलांच्या टेबलावर होता आणि फिरताना डुलायचा. सर टेबलाच्या अगदी टोकाला, भिंतीला खेटून उभे राहून युक्तिवाद करायचे. नवीन आलेल्या न्यायाधीशबाई एकदा म्हणाल्या, ‘वकीलसाहेब, जरा मध्ये या, आवाज येत नाही.’ सर हात जोडून म्हणाले, ‘आवाज मोठा करतो बाईसाहेब, पण जागा हीच राहू द्यावी.’ सगळं कोर्ट हसलं. बाईही हसल्या आणि मग त्यांनी नकळत वर पंख्याकडं बघितलं. पुढच्या आठवड्यात तो पंखा दुरुस्त झाला होता.

ते आमच्या गावच्या नगरपालिकेचे वकील होते. गाव परभणी जिल्ह्यातलंच, पण नाव सांगत नाही. एक तर काही केसेस अजून चालू आहेत, आणि दुसरं म्हणजे त्याच पालिकेचं वकीलपत्र आता माझ्याकडं आहे. मी त्यांच्याकडं ज्युनियर म्हणून लागले तेव्हा गावात सगळ्यांनी मला सांभाळून राहायला सांगितलं. माणूस वाईट नाही, भित्रा आहे, म्हणाले. आणि वकील भित्रा असला की ज्युनियरचं वाटोळं होतं, असं माझ्या काकांचं मत होतं.

दिसायला उंच, खांद्यात वाकलेले, कोटाच्या बाह्या मनगटाच्या वर. हातात बारा महिने एक लांब दांड्याची काळी छत्री. मे महिन्यात आमच्याकडं डांबर वितळतं, पण त्या उन्हातही छत्री उघडत नसत. छत्रीचं लोखंडी टोक हेच त्यांच्या कामाचं होतं. रस्त्यानं चालताना गटारीच्या चेंबरचं झाकण आलं की टोकानं ठक ठक करून बघायचं, आवाज भरीव आला तरच पाय टाकायचा. चौकातल्या मोठ्या जाहिरातींच्या फलकांखालून जायचं नाही. विजेच्या खांबापासून हातभर लांब. गॅलरीखालून नाही, झाडाच्या वाळल्या फांदीखालून नाही. एवढं सगळं टाळल्यावर चालायला रस्त्याचा अगदी मधला भाग उरायचा, तर तिथं मोकाट सांड उभा असायचा. मग सर सांडाकडं बघत उभे, सांड सरांकडं बघत उभा, आणि मागं मी फायली घेऊन. कोर्टाचा पुकारा व्हायची वेळ आलेली असायची.

पालिकेचा वकील काय करतो, हे मला कॉलेजात कुणी शिकवलं नव्हतं. मला वाटायचं, घरपट्टीचे दावे, टपऱ्या हटवायच्या नोटिसा, सभेतल्या ठरावावर मत. ते होतंच. मुख्याधिकारी फोन करायचे, ‘साहेब, शाळेसमोरचे भज्यांचे गाडे उठवायचेत, नोटीस तयार ठेवा.’ नगराध्यक्ष विचारायचे, ‘बागेत पाळणे बसवायलोत, काही अडचण?’ सरांचं उत्तर ठरलेलं.

‘कायद्याची अडचण न्हाई. पण कुणाला लागेल?’

‘म्हणजे?’

‘पाळणा तुटला तर कुणाला लागेल? खाली फरशी हाय का माती? फरशी असंल तर माती टाका, मग बसवा.’

भज्यांच्या गाड्यांनाही हाच प्रश्न. गाडा उठवला तर कुणाला लागेल, आणि ठेवला तर उकळतं तेल शाळा सुटताना कुणाला लागेल. शेवटी गाडे उठले नाहीत, रस्त्याच्या पलीकडं गेले. नगरसेवक त्यांच्या माघारी त्यांना ‘कुणाला-लागेल’ याच नावानं ओळखायचे. एकानं तर मोबाइलमध्ये त्यांचा नंबर त्याच नावानं ठेवला होता, आणि एकदा सरांसमोरच फोन वाजला तेव्हा सरांनी ते वाचलं. फोन चार्जिंगला लावून बोलू नका, एवढंच म्हणाले.

मी खूप हसायचे त्यांना. घरी जाऊन नक्कल करून दाखवायचे. मग हळूहळू माझ्या हातात त्या फायली यायला लागल्या.

या कामाचा एक कोपरा असा आहे की तो बघितलेला माणूस पुन्हा निवांत चालू शकत नाही. गावाच्या हद्दीत पालिकेच्या वस्तूनं कुणाला काही झालं की त्याचा कागद फिरत फिरत पालिकेच्या वकिलाच्या टेबलावर येतो. उघड्या चेंबरमध्ये पडून मोडलेला पाय. खांबात उतरलेल्या करंटनं चिकटलेली म्हैस आणि तिला ओढायला गेलेला तिचा मालक. घसरगुंडीच्या सुटलेल्या पत्र्यानं चिरलेली पोराची मांडी. सोबत फोटो, दवाखान्याचे कागद. आणि या प्रत्येकाला पालिकेच्या वतीनं उत्तर द्यायचं. कोर्टात त्याला ‘से’ म्हणतात. त्याचा साचा वर्षानुवर्षांचा आहे: दाव्यातील मजकूर खोटा असून प्रतिवादी पालिकेस नाकबूल आहे. म्हणजे ज्याचा पाय मोडला त्याला लेखी कळवायचं की तुझा पाय मोडला हे आम्हाला मान्य नाही. सरांनी हे वाक्य सगळं आयुष्य लिहिलं होतं. मला वाटतं, त्यांची भीती तिथंच तयार झाली. प्रत्येक फायलीतला अपघात त्यांना रस्त्यात पुन्हा दिसायचा.

त्यांचा एक नियम होता. जागा बघितल्याशिवाय नाकबूल लिहायचं नाही. उघड्या चेंबरमध्ये पाय मोडलेल्या एकाच्या दाव्यावर मी पहिलाच ‘से’ टाइप करून नेला तेव्हा त्यांनी तो वाचलाही नाही.

‘चेंबर बघून आलात का, वकीलबाई?’

‘सर, साचा तोच आहे की. फक्त नाव बदललंय.’

‘चला.’

स्टँडच्या मागं ते चेंबर होतं, झाकण अजून नव्हतंच. सर काठावर उकिडवे बसले, छत्री आत सोडली, ती मुठीपर्यंत गेली. त्यांच्या कपाळाला घाम आला होता. ‘लय खोल हाय,’ म्हणाले, आणि मला दंडाला धरून मागं ओढलं. तिथून थेट पालिकेत गेले आणि बांधकाम विभागात खुर्ची टाकून बसले. झाकण गाडीत चढल्याशिवाय उठले नाहीत. मग ऑफिसात येऊन त्यांनी तो ‘से’ हातानं पुन्हा लिहिला. नुसतं नाकबूल न लिहिता, जखम झाली हे कबूल, रक्कम तेवढी नाकबूल, असं लिहिलं. मुख्याधिकारी भडकले. तुम्ही आमचे वकील की त्यांचे, असं फोनवर विचारलं.

मी विचारलं, ‘सर, खरंच, आपला पक्षकार कोण?’

‘पालिका.’

‘म्हणजे मुख्याधिकारीच ना?’

त्यांनी छत्रीचं टोक खिडकीकडं केलं. खाली रस्त्यावर कडेवर लेकरू घेतलेली एक बाई, दोन शेळ्या आणि केळीचा गाडा ढकलणारा म्हातारा, असं काहीबाही चाललं होतं. ‘ते समदे,’ म्हणाले. ‘शेळ्या सोडून.’

पावसाळा यायच्या आत मीही वर बघायला लागले होते. पाथरीच्या स्टँडवर भर उन्हात शेडच्या बाहेर उभी राहायचे, कारण शेडचा एक अँगल सुटलेला दिसायचा. मला बघायला पाहुणे आले तेव्हा चहाचा ट्रे घेऊन मी पंखा टाळत भिंतीकडेनं गेले. मुलगी तिरपी चालते, असा निरोप मध्यस्थानं दिला. आई म्हणाली, त्या वकिलांचं काम सोड. सोडावंसं वाटत होतं, हे खरं आहे. भीतीचीही लागण होते आणि ती मला झाली होती. रात्री अंथरुणावर पडलं की घराचं छत माझ्याकडं बघतंय असं वाटायचं.

तेवढ्यात मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या रस्त्यावरच्या एका इमारतीची केस आली.

तीन मजली इमारत. खाली दुकानं, वर भाडेकरूंची बिऱ्हाडं, सगळी जुनी. मालकाला ती पाडून मोकळी जागा हवी होती, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. त्यामुळं पालिकेनं ‘इमारत धोकादायक आहे, रिकामी करा’ अशी नोटीस लावली तेव्हा भाडेकरूंनी एकच अर्थ काढला की मालकानं पालिका खिशात घातली. ते कोर्टात गेले. परभणीहून एक खाजगी इंजिनिअर आणला, त्यानं खांबांवर थापा मारून इमारत मजबूत असल्याचा दाखला दिला. प्रत्येक बिऱ्हाडानं शपथपत्र दिलं की आम्ही इथं निर्धास्त राहतो. न्यायाधीशबाईंनी पालिकेच्या अभियंत्याला विचारलं, तुम्ही वर चढून बघितलं का? तो म्हणाला, रस्त्यावरून पाहणी केली. बाईंनी कपाळाला हात लावला आणि पालिकेविरुद्ध मनाई हुकूम दिला. पुढचा आदेश होईपर्यंत इमारतीला हात लावायचा नाही.

आता आमचं काम उरलं ते हा हुकूम उठवायचं. मुख्याधिकाऱ्यांना घाई होती, मालकाला त्याहून जास्त. सरांना मात्र झोप लागेना. खुर्चीत बसून ते मलाच विचारायचे, ‘काढलं तर सहा घरं रस्त्यावर येतील, मालक त्यांना परत घेणार न्हाई. न्हाई काढलं आन् पडली तर? कुणाला लागेल, वकीलबाई, दोन्हीकडून?’ जागा बघायला हवी, एवढं मला कळत होतं. पण डुलणाऱ्या पंख्याखाली उभा न राहणारा माणूस त्या जिन्यानं चढेल, असं मला वाटलं नव्हतं.

ते चढले. एकटे गेले नाहीत. समोरच्या पक्षकाराशी त्याच्या वकिलामागं बोलायचं नसतं, म्हणून भाडेकरूंच्या वकिलाला बरोबर घेतलं. तो तरुण होता, उत्साही होता आणि सगळा वेळ गालात हसत होता. जिना अरुंद, भिंतीला हात लावला की वाळू हाताला यायची. सर प्रत्येक पायरी छत्रीनं ठोकून बघत होते. मध्येच ते थांबले आणि पुटपुटले, ‘मला माघारी न्या म्हणलं तरी नेऊ नका.’

दुसऱ्या मजल्यावर कुसुमबाईंची खोली. त्या शिवणकाम करायच्या, भाडेकरूंच्या वतीनं दाव्यात पहिलं नाव त्यांचंच होतं. गळ्यात मापाची टेप, कमरेला पदर खोचलेला. नवरा मोंढ्यात हमालीला गेलेला, सासू कोपऱ्यात खाटेवर, दोन लेकरं दारात.

‘या साहेब, बगा. काय झालंय घराला? धडधाकट हाय. आमी काय मरायला बसलोत का हितं?’

त्यांनी खोलीच्या बरोबर मध्ये खुर्ची ठेवली. सर उंबऱ्यावरच उभे. त्यांची नजर वर गेली आणि तिथंच राहिली. छताला मोठा डाग होता, त्यात दोन सळया उघड्या दिसत होत्या, तांबड्या झालेल्या. मग त्यांनी खाली बघितलं. खिडकीजवळ फरशीवर लोखंडी पायांचे चार चौकोनी वण होते.

‘मशीन कुठाय, बाई?’

‘खाली नेलीय, जिन्याखाली. गिऱ्हाईकाला वर चढायला जमत न्हाई.’ कुसुमबाई पटकन म्हणाल्या आणि सासूकडं बघितलं. मग आवाज चढवला, ‘या की आत! इंजिनेर येऊन खांबाला बुक्क्या मारून गेला, आन् तुमी दारात भेता?’

‘भेतो बाई,’ सर म्हणाले. ‘लय भेतो.’

आणि आत गेले. खुर्चीत बसले, डोळे मिटले, आणि त्यांनी छत्री उघडली. मी त्यांना छत्री उघडताना पहिल्यांदाच बघत होते. खोलीत, भर दुपारी, काळ्या कोटातला उंच माणूस डोक्यावर छत्री धरून बसलाय, गुडघे एकमेकांना लावून. लेकरं खो खो हसली. भाडेकरूंच्या वकिलानं तोंडाला रुमाल लावला. कुसुमबाईंनाही हसू आवरेना. मला शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं.

खालून मोंढ्याकडं जाणारा सोयाबीनचा ट्रक गेला, आणि छत्रीवर आवाज झाला. कुणी मूठभर ज्वारी सुपात टाकावी तसा. मग थांबला. लेकरू हसत खाटेकडं पळालं, तर पुन्हा. छत्रीच्या ताणलेल्या कापडावर वरून बारीक खडे पडत होते. एक एक, मग एकदम चार-पाच, मग पुन्हा एक. एरवी ते फरशीवर पडत असणार, अंथरुणावर, भांड्यांवर, आणि कुणाला ऐकू येत नसणार. आता सगळ्यांना ऐकू येत होतं. हसणं कधी थांबलं ते कळलं नाही. त्या वकिलानं रुमाल खाली घेतला.

‘रोजचंच हाय ते,’ कुसुमबाई हळू आवाजात म्हणाल्या. ‘सकाळी झाडून घेतो आमी.’

म्हणून झाल्यावर त्यांच्याच चेहऱ्यावरचा रंग उतरला. खाटेवरच्या सासूनं लेकराला जवळ ओढलं आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

सरांना उठता येईना. ‘पाय गेले माझे,’ म्हणाले. आम्ही दोघा वकिलांनी त्यांना दोन बाजूंनी धरून दारापर्यंत आणलं. उंबऱ्याला टेकून ते कुसुमबाईंना म्हणाले, ‘बाई, मी तुमचा वकील न्हाई. तुमच्या वकिलासमोर सांगायलोय. मला तुमाला खाली आणायचा हुकूम पाहिजे. पण अगुदर प्रत्येकाची खोली मोजू, पालिकेचा दाखला हातात देऊ, नव्या इमारतीत तेवढी जागा मागायचा हक्क राहील. त्याबिगर एक वीट काढू देणार न्हाई.’

‘आन् तुमी फिरले तर?’

‘तर मला परत हितं आणून बसवा.’

कुसुमबाईंनी त्यांच्याकडं बघितलं. त्या माणसासाठी याहून मोठी शपथ नव्हती, हे कुणालाही कळलं असतं.

मोजणीची गोष्ट मालकाला कळायला वेळ लागला नाही. त्याचा भाचा ऑफिसात आला, बरोबर पंख्याखाली पाय पसरून बसला. इमारत रिकामी करा, मोजणीबिजणी कशाला, असं अगदी गोड आवाजात म्हणाला. मग सरांच्या मुली कुठं शिकतात, कोणत्या गाडीनं येतात, याची चौकशी केली. सरांच्या हातातली बशी खाली पडून फुटली. मी खुर्चीतून उठले. सरांनी मला बसायला सांगितलं आणि भाच्याला म्हणाले, ‘तुमी म्हणता तसं करता येईल. पण तसं केलं तर कुणाला लागेल, ते मला आता पाठ झालंय.’ भाचा हसून निघून गेला. त्या आठवड्यात सर मुलींना घ्यायला स्वतः स्टँडवर जायचे, छत्री घेऊन. मोजणी मात्र झाली.

भाडेकरूंनी स्वतःच कोर्टात पुरसीस दिली, म्हणजे आमची हरकत नाही असं लिहून दिलं, आणि मनाई हुकूम उठला. सामान खाली आलं. आणि मग इमारत पाडायचा दिवस आला.

सगळा मोंढा बघायला जमला होता. सगळ्यांना वाटत होतं की जेसीबीचा पंजा लागला की ढासळेल. ढासळली नाही. पंजा आपटत राहिला, धूळ उडत राहिली, भिंती पडल्या. स्लॅब काही पडेना. दुपार झाली. कुणीतरी ओरडलं, ‘पैलवान निघाली की हो इमारत!’ मग हशा सुरू झाला. ‘भित्र्या वकिलानं चांगली घरं उठवली.’ दुसरं मशीन आणल्यावर ती पडली. सर त्या धुळीत उभे होते. पलीकडं हातगाड्यावर शिलाई मशीन बांधून कुसुमबाई उभ्या होत्या. त्यांनी इमारतीकडं बघितलं, मग सरांकडं बघितलं, आणि गाडा ढकलत निघून गेल्या.

त्यानंतर सर पहिल्यासारखे राहिले नाहीत. निवडणूक होऊन पालिकेत नवीन बॉडी आली, तिनं त्यांना वकिलांच्या पॅनेलवरून काढलं. मालकानं जागेला पत्रे ठोकले आणि बांधकाम काही काढलं नाही. भाडेकरूंचे दाखले हातात, आणि भांडण कोर्टात. सर चारठाण्याकडं आपल्या गावी राहायला गेले. तिथं अंगणात बाज टाकून झोपतात, कारण आभाळ पडल्याची केस अजून कुणी दाखल केलेली नाही, असं ते म्हणतात. पण फोन आला की इकडची तिकडची चौकशी करून शेवटी ते तेच विचारायचे.

‘वकीलबाई, पडली असती का हो ती?’

आधी मी सांगायचे, पडलीच असती सर. त्यांना पटायचं नाही. मग मी विषय बदलायला लागले. एकदा भेटायला गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ‘आता जेवताना बी तेच विचारायलेत. भिंतीलाच विचारतेत.’ मला त्या माणसाचं फार वाईट वाटायचं. आयुष्यभर त्यानं अपघातांच्या फायली बघितल्या होत्या, आणि जो अपघात झालाच नाही त्याची फाइल त्याच्याकडं नव्हती.

मागच्या महिन्यात मी ब्लाऊज शिवायला टाकायला कुसुमबाईंकडं गेले. रेल्वे फाटकाच्या पलीकडं त्यांनी पत्र्याची खोली घेतलीय. मशीन आता घरातच, खिडकीशी. त्यांनी माप घेता घेता गाऱ्हाणी सांगितली: गिऱ्हाईक तुटलं, बाजार लांब पडला, उन्हाळ्यात पत्रा भाजून काढतो. सासू गेल्या वर्षी गेल्या. मग विचारलं, ‘ते छत्रीवाले साहेब कसे हायत?’

मी सांगितलं. ते काय विचारत असतात, तेही सांगितलं.

कुसुमबाईंनी टेप गळ्यात टाकली. ‘पडली असती का, ते मला काय म्हाईत, ताई? मी काय इंजिनेर हाय का? पण तुमाला एक सांगते. पावसाळ्यात आमी समदे एकदम कधीच झोपलो न्हाई तिथं. एक जण जागं राहायचं. अगुदर सासूबाई, मग मी, मग हे. मशीनच्या हादऱ्यानं खडे पडायचे म्हणून ती बी खाली नेली. खडखड वाढली की लेकरं उचलायची आन् जिन्यात पळायचं, असं ठरलेलं. दोनदा पळालो बी.’

‘पण शपथपत्रात…’

‘मग काय लिहून द्यावं? भेतो म्हणून लिहिलं असतं तर घर गेलं असतं.’ त्या मशीनवर बसल्या, पायडलवर पाय ठेवले. ‘त्या साहेबाला सांगा, जागा लय गैरसोयीची हाय. पण समदे एकदम झोपतो.’

ही गोष्ट फोनवर सांगायची नव्हती. मी रविवारी चारठाण्याच्या जीपमध्ये बसले. सर अंगणात बाजेवर होते, आता बरेच थकलेत. मी कुसुमबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. संपल्यावर म्हणाले,

‘दोनदा पळाले?’

‘हो सर.’

‘लेकरं घेऊन?’

‘हो.’

त्यांचे डोळे भरून आले होते, ते त्यांनी पुसलेही नाहीत.

‘मला वाटायचं,’ ते म्हणाले, ‘तिथं भेणारा मी एकलाच होतो.’

पडली असती का, हे त्यांनी त्या दिवशी विचारलं नाही. त्यानंतरही विचारलेलं नाही. चहा झाल्यावर त्यांनी दुसरंच विचारलं. ‘आता तुमच्या टेबलावर कोणतं हाय?’

मी सांगितलं. पालिकेची शाळा आहे, जुनी. चौथीच्या वर्गाच्या छताबद्दल पालकांनी नोटीस दिलीय. मुख्याधिकारी म्हणतात, रंगरंगोटी झालीय, मजकूर नाकबूल म्हणून कळवून टाका. टाइप करून ठेवलंय, सही राहिलीय.

‘जागा बघितली?’

‘उद्या बघणार आहे.’

ते आत गेले आणि खुंटीवरची छत्री घेऊन आले. माझ्या हातात दिली. जीपमध्ये ती मी मांडीवर आडवी धरून बसले होते.

सोमवारी मी शाळेत गेले. छताला नवा पांढरा रंग होता, एकही डाग दिसत नव्हता. खाली मुलं पाढे म्हणत होती. दारातच मी इतकी थबकले की गुरुजींनी पाणी हवं का विचारलं. मी वर्गाच्या मधोमध गेले आणि छत्री उघडली. सगळा वर्ग हसायला लागला. मी त्यांना पोटभर हसू दिलं. मग म्हटलं, ‘बाळांनो, आता जरा वेळ कुणी बोलू नका.’